बाटलीतले सासरे

"चम्नान! अरे ए चम्नान! धाव लवकर, तुझे सासरे सापडले!"

चम्नान शेडच्या मागच्या अंगाला उकिडवा बसून माशांच्या खाण्यासाठी डासांच्या अळ्या गाळत होता. सासरे जाऊन अडीच महिने झाले होते. त्यांच्या अस्थी त्याने स्वतः विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या होत्या आणि वरून सिमेंटही स्वतःच्याच हाताने थापलं होतं. तेव्हा ते सापडायला मुळात हरवले कधी, असा प्रश्न त्याच्या मनात आला. पण सासूबाईंना उलट प्रश्न विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"कुठे सापडले, आई?" त्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"इथे, तुझ्या बाटलीत!"

साईबुआबाई खरं तर शेडमध्ये पाऊल टाकत नसत. त्या पपनसांच्या बागेत वाढल्या, पपनसांच्याच बागेत त्यांचा संसार झाला, आणि मासा ही तळून ताटात यायची वस्तू आहे यापलीकडे त्यांनी माशाचा कधी विचार केला नव्हता. जावयाने बागेच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून फायटर मासे वाढवायला घेतले तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, "खायला कधी होतील?" हे खायचे नसतात म्हटल्यावर त्यांनी तो विषय सोडला तो सोडलाच. आमच्या नखोन पाथोमच्या कालव्यांकडे घरजावई असण्यात कोणी कमीपणा मानत नाही, पण न खायचे मासे पाळणारा घरजावई म्हणजे जरा अतीच झालं, असं त्यांचं मत होतं.

घराबाहेर मात्र चम्नानचा दबदबा होता. लांब शेपटीचा फायटर नर की मादी हे आंधळाही सांगेल. नराच्या पाठीमागे झालर, मादीच्या मागे काही नाही. पण आखूड शेपटीच्या जातीत दोघं दिसायला सारखेच, त्यातून वयाने कोवळे असले तर विचारूच नका. आणि सांगावं तर लागतंच, कारण नराला स्वतंत्र बाटली लागते आणि माद्या सगळ्या एका टाकीत. टाकीत चुकून एक नर गेला की सकाळी सगळ्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या. म्हणून आसपासचे लोक आपली पिल्लं टोपात घालून चम्नानकडे आणत. तो भुईमुगाच्या शेंगा निवडाव्या तसा निवडत जाई. "नर, नर, मादी, नर, मादी, मादी." बाकीचे लोक बाटली उजेडाकडे धरतात, खालून पोट बघतात. चम्नानला ते कमीपणाचं वाटे. "उजेड चष्मेवाल्यांना लागतो," तो म्हणायचा. माणसाला नजर असावी, पण तिची जाहिरात करू नये. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

आता सासऱ्यांचं. बुनरोदकाका गेले तेव्हा प्रेताला अंघोळ घालताना साईबुआबाईंनी गालाला लावायची पांढरी मातीची पूड पाण्यात कालवली आणि बोटाने नवऱ्याच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली, एक ठिपका दिला. वाकून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटल्याही. अशी खूण आमच्याकडे करतातच, नाहीतर माणूस परत जन्माला आला तर ओळखायचा कसा? पण त्यानंतर बाईंनी अंथरूण धरलं. जेवण म्हणजे दोन घास पेज, तीही लेकीने ओरथाईने डोळ्यांत पाणी आणल्यावर. ओरथाई आणि चम्नान दोघंही घाबरून गेले होते, कारण म्हातारीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या.

आणि आज तीच म्हातारी शेडमध्ये उभी होती, गाल लाल, हातात एक बाटली.

"काल स्वप्नात आले होते," त्या म्हणाल्या. "चौकड्यांचा पंचा नेसलेले आणि नखशिखांत ओले. मी म्हटलं, अहो, अंग पुसा, सर्दी होईल. तर म्हणाले, आता पुसून काय उपयोग, मी पाण्यातच असतो. म्हणून मी सकाळपासून रांजण बघितले, कालवा बघितला. शेवटी म्हटलं, जावयाच्या बाटल्या बघाव्यात. हा बघ! पोटाखाली पांढरा ठिपका. मी दिला तिथेच!"

चम्नानचे हात अळ्यांत होते. त्याने मान वळवली नाही. रांग कुठली ते मात्र त्याला आवाजावरून कळलं. ती त्याची निवडक नरांची रांग होती, दोनच आठवड्यांपूर्वी चार लोकांसमोर बाटलीला हातही न लावता निवडलेली.

"हा नर आहे का रे?" साईबुआबाईंनी विचारलं.

"त्या रांगेत सगळे नरच, आई."

"नक्की? मादी नाही ना? नीट बघून सांग की."

माशांतलं काही न कळणारी बाई आपल्याला नीट बघायला सांगते, याचा चम्नानला राग आला. "आई, मी बाटलीत घातला म्हणजे नर. माझ्या रांगेत मादी निघाली तर माझं नाव बदला!"

साईबुआबाईंनी एक लांब सुस्कारा सोडला. "बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस तर नर." आणि बाटली छातीशी धरून घरात गेल्या. सुस्कारा समाधानाचा होता, असं चम्नानने ठरवून टाकलं आणि तो अळ्या गाळत राहिला.

त्या दुपारी साईबुआबाई भात जेवल्या. संध्याकाळी परत जेवल्या. ओरथाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून रडली. मासा बुनरोदकाकांच्या फोटोशेजारी, त्यांच्या टेबलपंख्याच्या वाऱ्यात बसला. सकाळी त्याच्यापुढे घट्ट दुधाची गोड कॉफी. "अहो, कॉफी घ्या, निवतेय." दुपारी मिरचीच्या ठेच्याबरोबर तळलेला बांगडा ठेवताना मात्र बाई अडखळल्या. "चालेल ना हो? का नात्यातला निघेल?" आणि रात्री उशाशी बाटली घेऊन चाळीस वर्षांतल्या तक्रारी. मासा कल्ले फुगवून ऐकायचा. जिवंतपणी बुनरोदकाकांनी एवढं कधी ऐकलं नव्हतं.

बातमी कालवाभर झाली. लोक यायला लागले. कोणी हात जोडले, कोणी बुडबुड्यांत लॉटरीचे आकडे शोधले, कोणाला त्यात आठ दिसला, कोणाला तोच आडवा. प्रत्येकाला साईबुआबाई सांगायच्या, "आमच्या चम्नानने स्वतः सांगितलंय. नर आहे." मग लोक म्हणायचे, "चम्नानने सांगितलं म्हणजे झालंच." चम्नानची छाती दोन बोटं वर यायची.

आठवडाभराने ओरथाई म्हणाली, "बाबांचं पाणी गढूळ झालंय, बदलून दे." चम्नानने बाटली उचलून खिडकीशी नेली आणि पाणी ओतायला तिरकी केली. बाहेर ऊन होतं. मासा वर आला, वळला, आणि त्याचं पोट चम्नानच्या डोळ्यांसमोर आलं.

पोटाखालच्या दोन पंखांच्या मध्ये तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक बाहेर डोकावत होतं. ती कोणाच्या बोटाची खूण नव्हती. ती अंडी बाहेर पडायची नळी होती, जी फक्त मादीला असते, आणि जी बघायला चष्मेवाले लोक बाटली उजेडाकडे धरतात. पोटही मागच्या बाजूला गरगरीत. कल्ल्याखालची दाढी म्हणावी तर एवढीशी. मादी. ठार मादी. पहिल्या दिवशी फिशटँक घेतलेल्या पोरालाही ओळखता आली असती अशी मादी.

चम्नानचे कान आधी तापले, मग मान. खिडकीत एकटाच उभा असूनही त्याने मागे वळून कोणी बघतंय का ते पाहिलं. एवढी वर्षं लोकांची पिल्लं निवडली, त्यांतली किती अशी गेली असतील? हा विचार त्याने झटकला, पण तो गेला नाही.

रात्री त्याने बायकोला सांगितलं. ओरथाई भांडी विसळायची थांबली.

"म्हणजे बाबा बाई आहेत?"

"बाबा नाहीतच ते. मादी आहे. पांढरा ठिपका म्हणजे तिची नळी."

"तू तर म्हणालास, नाव बदला!"

"हळू बोल ना!"

ओरथाईने हात पदरासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसले आणि त्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "हे बघ. आईने आज दोन वाट्या भात खाल्ला. वर आंबा मागितला. तू तोंड उघडलंस आणि ती परत पेजेवर गेली, तर तुझं अंथरूण शेडमध्ये. माशांबरोबर."

चम्नानने तोंड न उघडायचं ठरवलं. पण साईबुआबाई त्याला सोडायला तयार नव्हत्या. रोज सकाळी त्याचा चहा पुढे ठेवून त्या विचारायच्या, "काय रे, परत एकदा बघितलंस का? नरच ना?"

"नरच, आई."

"काही शंका नाही?"

"शंकेला जागाच नाही. असला नर मी जन्मात पाहिला नाही." हे शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

मग तो लांब सुस्कारा. म्हातारीला धीर हवाय, चम्नानला वाटे, म्हणून तो दर दिवशी खोट्याला आणखी एक टाका घाली. "दाढी बघा कशी!" "ऐट बघा, अगदी बाबांची!" सुस्कारे लांबत गेले. आणि प्रत्येक वेळी त्याला आपली जीभ कडू लागायची.

पोट झाकायला त्याने बाटलीत बदामाचं वाळकं पान टाकलं. ते पान पाण्यात रंग सोडतं, माशाला मानवतं, आणि मुख्य म्हणजे आतलं दिसेनासं होतं. एक पान पुरेना म्हणून त्याने तीन टाकली. साईबुआबाई दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन अंगावर आल्या. "सासऱ्याला काळ्या चहात बुडवतोस? ते दुधाशिवाय पीत नव्हते!"

तेव्हा एकच उपाय राहिला: बदली. तसाच गडद निळा, तसाच आखूड, पोटाखाली पांढरं काहीतरी असलेला खराखुरा नर शोधायचा आणि गुपचूप बाटलीत सोडायचा. आपल्या शेडमधले सगळे त्याने बघितले, आता उजेडात धरून बघितले, आणि निवडक नरांच्या रांगेत आणखी दोन माद्या निघाल्या. त्या त्याने कोणाला न दाखवता टाकीत सोडल्या. मग लाज गिळून तो प्रचुअपकडे गेला. प्रचुअप म्हणजे कालव्याच्या पलीकडचा मासेवाला, माशांच्या स्पर्धेत पंच म्हणून याच्याच शेजारी बसणारा आणि याच्यावर मनातून जळणारा.

"निळा नर हवाय," चम्नान म्हणाला. "आखूड शेपटीचा. पोटाखाली पांढरा ठिपका असलेला."

प्रचुअपने त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या बायकोला हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा! चम्नान विचारतोय, पोटाखाली पांढरा ठिपका असलेला नर आहे का!" त्याची बायको बाहेर आली आणि तीही हसायला लागली. "अरे बाबा, पांढरा ठिपका म्हणजे मादी," प्रचुअप म्हणाला. "हे तू मला शिकवायचंस की मी तुला?"

"गंमत केली," चम्नान म्हणाला.

"कर की. शंभराव्या दिवसाच्या जेवणाला आम्हाला बोलावणं आहे ना? तुझ्या सासऱ्यांना भेटायची फार इच्छा आहे."

चम्नान कालव्यावरचा पूल उतरताना दिवस मोजत होता. शंभरावा दिवस पाच-सहा दिवसांवर आला होता. घरी भंते येणार, सूत्रपठण होणार, अख्खा गाव जेवणार, आणि साईबुआबाईंनी आधीच ठरवलं होतं की मंतरलेला पांढरा दोरा बुद्धमूर्तीपासून भंतेंच्या हातांतून फोटोकडे न जाता सरळ बाटलीला गुंडाळायचा. "माणूस घरात असताना फोटो कशाला?"

शंभराव्या दिवशी सकाळी बाटलीत नवं, काचेसारखं पाणी होतं. पाहुणे येणार म्हणून साईबुआबाईंनी स्वतः बदलून घेतलं होतं. प्रचुअप बायकोसकट लवकर आला आणि बरोबर बाटलीसमोर मांडी घालून बसला. चम्नान घामाने भिजला. पंचाची बुद्धी अशा वेळी जशी चालायची तशी चालली: समोर दुसरा मासा दिसला की ही कल्ले फुगवते, दाढी पसरते, आणि मग भल्याभल्यांना नर वाटते. त्याने शेडमधून आपला सगळ्यात देखणा नर आणला आणि ती बाटली सासऱ्यांच्या बाटलीला चिकटवून ठेवली.

"हा कोण?" साईबुआबाईंनी विचारलं.

"बाबांना सोबत," चम्नान म्हणाला.

पठण सुरू झालं. पाच भंते, हातांतून गेलेला दोरा, उदबत्तीचा धूर. नराने कल्ले उघडले, अंग पसरलं, काचेपुढे येरझारा घातल्या. बाटलीतल्या सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कल्ले फुगवले नाहीत. उलट अंगावर हळूहळू उभे पट्टे उमटले. मान खाली गेली. मग ते लाजून, खरोखर लाजून, अंग वळवत काचेशी आले. चम्नानला त्याचा अर्थ ठाऊक होता. त्याने हात पुढे केला, पण पठण चालू असताना दोऱ्याच्या मधून हात घालायचा नसतो, म्हणून तो हात तसाच अधांतरी राहिला.

पहिलं अंडं पडलं. पांढरं, साबुदाण्याहून बारीक, नव्या स्वच्छ पाण्यातून सावकाश तळाशी गेलं. मग दुसरं. मग पाच-सहा एकदम.

प्रचुअपने पठण संपेपर्यंत कळ काढली, तेवढं त्याला मानलं पाहिजे. शेवटच्या शब्दावर तो मोठ्याने म्हणाला, "चम्नान, तुझे सासरे अंडी घालताहेत रे!"

सगळं घर पुढे वाकलं. कोणी खुदकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. थोरल्या भंतेंनी चष्मा वर केला, बाटलीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यांना नियमाप्रमाणे बाराच्या आत जेवून घ्यायचं होतं. ओरथाई आईच्या मागे जाऊन तिला धरायला तयार उभी राहिली. आणि चम्नान धरणी दुभंगायची वाट बघत होता. धरणीवर फरशी होती. ती दुभंगली नाही.

तो गुडघ्यांवर सरकत सासूबाईंपुढे गेला आणि हात जोडून डोकं जमिनीला टेकवलं. "आई, चुकलं. मादी आहे. मी बघितलंच नव्हतं. न बघता सांगितलं. मग बघितलं, कळलं, आणि तरी रोज तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही जेवायला लागला होतात म्हणून. मला नजर-बिजर काही नाही. मला लाज वाटते."

साईबुआबाई बाटलीकडे बघत होत्या. "मादी," त्या म्हणाल्या. "म्हणजे बाई."

"हो, आई."

"अंडी घालतेय म्हणजे पोरं होणार."

"नर मिळाला तर होतील, आई. पण..."

"अरे मेल्या!" साईबुआबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण तोंड हसत होतं. "मग इतके दिवस नर नर म्हणून माझा जीव का खाल्लास? मी म्हाताऱ्याच्या कानात काय सांगितलं होतं ठाऊक आहे? पुढच्या जन्मी बाई होऊन ये! सहा बाळंतपणं झाली माझी. सहाही वेळा हा गृहस्थ आंब्याखाली बाटल्यांची बुचं मांडून सोंगट्या खेळत होता. मुलगी झाली सांगायला माणूस गेला तर म्हणे, डाव संपला की येतो. बाकी माणूस सोन्यासारखा. कधी आवाज चढवला नाही. पण पोरं सांभाळणं म्हणजे काय, ते त्याला एकदा कळायला हवं होतं. ठिपका दिसला, स्वप्न पडलं, सगळं जुळलं, फक्त तू नर म्हणालास! रोज विचारत होते, बाबा रे, परत बघ. रोज म्हणायचास, असला नर जन्मात पाहिला नाही. मला वाटलं, इथेही माझं ऐकलं नाही यांनी!"

तेव्हा कुठे चम्नानला ते सुस्कारे कळले. ज्या दुखण्यावर तो रोज मलम लावत होता, ते दुखणं त्यानेच दिलं होतं. लोक आता उघड हसत होते आणि त्याला हसायचंही सुचेना.

"म्हणजे झालं ते योग्यच झालं," थोरले भंते घाईने म्हणाले. "आता ताटं वाढायला हरकत नसावी."

त्या दिवशी साईबुआबाई भंतेंनंतर पहिल्या पंगतीला बसल्या आणि चिंचेची आमटी दोनदा मागून घेतली. हात धुताना त्यांनी जावयाला हुकूम सोडला, "आता यांच्यासाठी स्थळ बघ. चांगल्या घरचं. आणि नर आहे ना, ते आधी प्रचुअपला दाखवून घे."

स्थळ ठरलं. प्रचुअपने चम्नानच्याच शेडमध्ये, चम्नानच्याच स्टुलावर बसून, पंधरा माणसांसमोर बाटली उजेडाकडे धरून हवा तेवढा वेळ लावला आणि "नर" असं जाहीर केलं. चम्नान बाजूला हात बांधून उभा होता. येताजाता माणसं त्याच्या खांद्यावर थोपटत होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. पुढे कोणी पिल्लांचं टोप घेऊन आलंच तर तो मान खाली घालून एकेक बाटली उन्हात धरायचा, दोन-दोनदा बघायचा आणि तरीही सांगताना पुढे "बहुतेक" जोडायचा.

नराने रुंद टाकीत बुडबुड्यांचं घरटं केलं. साईबुआबाई टाकीशेजारी पाट टाकून दिवसभर बसल्या. अंडी पडली. नराने एकेक तोंडात झेललं आणि घरट्यात नेऊन चिकटवलं. मग तो वळला आणि मादीच्या अंगावर धावून गेला. चम्नानने जाळी घातली, तिला अलगद उचललं आणि तिच्या बाटलीत परत सोडलं.

"हे काय? यांना का बाहेर काढलंस?" साईबुआबाई म्हणाल्या. "पोरांजवळ राहू दे की."

चम्नानने जाळी निथळून बाजूला ठेवली. याचं उत्तर त्याला पक्कं माहीत होतं, उजेडाशिवाय माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण चुकीचे असावं अशी त्याची मनापासून इच्छा होती.

"आई," तो म्हणाला, "या माशांत आई थांबत नाही. अंडी घातली की तिचं काम संपलं. पुढे सगळं बापच करतो. अंडं खाली पडलं की उचलतो, परत लावतो, पहारा देतो. जेवतसुद्धा नाही."

"बाप?"

"हो, आई."

"नक्की? परत एकदा बघ."

"नक्की, आई."

साईबुआबाईंनी टाकीत बघितलं. नर धापा टाकत खाली जात होता, घसरलेलं अंडं तोंडात धरत होता, वर आणून लावत होता, तोवर दुसरं घसरत होतं. मग त्यांनी बाटलीत बघितलं. तिथे भरपेट अळ्या खाऊन बदामाच्या पानावर कूस टेकून मासा निवांत पडला होता.

साईबुआबाईंनी एक लांब सुस्कारा सोडला.

"अहो," त्या बाटलीला म्हणाल्या, "याही जन्मी सुटलातच की हो!"